भिंगरीचं वेळापत्रक

वेळापत्रकाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फुशारकी नाही ही, माझा धंदाच तो आहे. शहरातली कुठली बस कधी सुटायची, शेवटच्या थांब्यावर किती वेळ उभी राहायची, कोणत्या ड्रायव्हरने कोणती फेरी संपवून कधी जेवायचं, हे डेपोच्या ज्या खोलीत ठरतं तिथे कित्येक वर्षं खिडकीजवळ माझं टेबल होतं. ड्रायव्हर लोक मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की घड्याळबाई. मला दोन्ही चालतं.

त्यामुळे मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा बाकी पुष्कळ गोष्टींची धाकधूक होती, पण वेळापत्रकाची मुळीच नव्हती. शेकडो बसेस सांभाळणाऱ्या बाईला एक पोरगी सांभाळायला काय जड जाणार, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. मी हे नवऱ्याला बोलूनही दाखवलं. नवरा घरच्या पुढच्या खोलीत कपडे शिवतो, आणि दिवसातला बराच वेळ त्याच्या ओठांत टाचण्या असतात. त्यामुळे त्याचं उत्तर नेहमीसारखंच आलं, "हूं."

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. जेवताना टेबलाला चार फेऱ्या मारते, बोलताना एका पायावर उभी राहते. शाळेत तिला बाकावर बसवत, ते एकवेळ ती सोसायची. पण उभं राहून मोठ्याने वाचायला सांगितलं की तिचं तोंड बंद व्हायचं. अक्षरं ओळखायची, घरी पाटीवर लिहायचीही, पण पस्तीस जणांसमोर पुस्तक हातात आलं की ओठ घट्ट. पोरं हसायची. बाई म्हणायच्या की ही मुद्दाम करते. मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. आधी आम्ही त्याला नाटक म्हटलं. एक दिवस ती दप्तर पाठीला लावून संडासात कडी लावून बसली आणि बाहेर येईना. त्या दिवशी नवऱ्याने ओठांतल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या उशीत टोचल्या आणि म्हणाला, "पुरे झालं."

शिक्षण कार्यालयाने परवानगी दिली, पण एका वर्षाची. वर्ष संपताना त्यांच्या एक अधिकारीबाई घरी येणार, मुलीसमोर तिने कधी न पाहिलेलं एक पान ठेवणार, आणि तिने ते वाचून दाखवायचं. वाचलं तर शिक्षण घरी चालू. नाही वाचलं तर पुन्हा तीच शाळा, आणि एक वर्ग खाली. म्हणजे तेच हसणारे डोळे मधल्या सुट्टीत, आणि वर्गात तिच्याहून लहान पोरं. हे कळल्यावर भिंगरीने एकच विचारलं, बाकही तोच असेल का.

पहिलं वेळापत्रक मी एका बैठकीत केलं. मोठा पुठ्ठा घेतला, पट्टीने चौकोन आखले, प्रत्येक विषयाला वेगळा रंग दिला. दहा ते पाच. शाळा म्हटली की दहा ते पाच, यात विचार कसला करायचा. मी पहाटे डेपोत जायची आणि दुपार कलल्यावर परत यायची, तेव्हा तोवरचा अभ्यास बापाने घ्यायचा, पुढचा मी. मोठ्या नणंदबाई दुसऱ्या एका शाळेत शिकवतात. त्यांना आमचा हा सगळा उद्योगच पसंत नव्हता, पण पुठ्ठा बघून त्यांचाही चेहरा जरा सैल झाला. निदान शिस्त तरी दिसते, असं म्हणाल्या. पुढच्या रविवारी येताना त्यांनी एक पितळी घंटा आणली, तास संपला की वाजवायला. नवऱ्याने ती दोन दिवस वाजवली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं की तुमच्याकडे आग लागली का, तेव्हा ती घंटा माळ्यावर गेली.

घंटेचं सोडा, पुठ्ठ्याचेही तीनतेरा वाजले. साडेअकरा झाले की भिंगरीचे डोळे तारवटायचे. गणिताच्या चौकोनात ती टेबलाखाली आडवी पडलेली असायची, भाषेच्या चौकोनात खिडकीच्या गजांना लटकलेली. नवरा मशीनवरून उठून तिला बसवायचा, तोवर मशीनखालचं कापड सरकायचं आणि शिलाई वाकडी जायची. ती उसवायची, पुन्हा घालायची. मी घरी येऊन हिशेब मागायची, आणि ती वाचायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मग मी ओरडायची. मी ओरडले की तिचं तोंड बंद. म्हणजे शाळेत जे होत होतं तेच आम्ही घरी आणून ठेवलं होतं, फक्त भाडं आमचं.

मग मी इतर घरांत चौकशी केली. मुलं घरी शिकवणारी माणसं आपसात भेटत असतात, त्यांच्या एका बैठकीला गेले. तिथे प्रत्येकाचा वेगळा मंत्र. एक जोडपं आठवड्यात चारच दिवस शिकवायचं आणि पाचव्या दिवशी मुलांना घेऊन भटकायचं. एक बाई म्हणाल्या, आम्ही वर्षभर शिकवतो, पण दर काही आठवड्यांनी एक आठवडा सुट्टी. एकांनी आठवडाभर एकच विषय घ्यायचा असं धरलं होतं. त्यांचा मुलगा इतिहासाच्या आठवड्यात जेवतानाही लढाया करायचा. सगळी माणसं सुखी दिसत होती. मला त्यांचा मनातून राग आला, आणि मी त्या सगळ्यांची वेळापत्रकं एकेक करून घरी आणली.

चार दिवसांचं आणलं तर पाचव्या दिवशी भटकायला आमच्याकडे कुणी मोकळंच नव्हतं, मी डेपोत आणि नवरा मशीनवर. एका विषयाचं आणलं तर भिंगरीने तिसऱ्या दिवशी भूगोलाचं पुस्तक पलंगाखाली सरकवून दिलं आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. सुट्टीचं आणलं तर सुट्टीचा आठवडा झकास पार पडला, कामाचे आठवडे तसेच. नणंदबाई दर रविवारी येऊन नवं वेळापत्रक वाचायच्या आणि नियमांचा पाढा सुरू करायच्या. सरकारी नियम त्यांना तोंडपाठ आहेत, कलमांच्या आकड्यांसकट. वर्ष निम्मं सरत आलं होतं आणि भिंगरी आमच्यापैकी कुणासमोर एक ओळ वाचत नव्हती.

डोकं ठिकाणावर आलं ते डेपोत, आणि तेही दुसऱ्याला झापताना. आमच्याकडे एक नवा कारकून आला होता, हुशार, केस चापूनचोपून बसवलेला. त्याच्याकडे एका नव्या रस्त्याचं वेळापत्रक दिलं होतं. त्याने सुबक तक्ता करून आणला, आणि पंधरा दिवसांत तक्रारींचा पाऊस पडला. भर दुपारी बस रिकामी धावते आणि कारखाना सुटतो तेव्हा माणसं दाराला लोंबकळतात. मी त्याला टेबलासमोर उभं केलं. आमच्या खोलीत एक रीत आहे, माझ्या आधीच्या साहेबांपासून चालत आलेली: नव्या रस्त्याचं वेळापत्रक करायचं तर आधी आठवडाभर त्या बसमध्ये बसायचं. मागच्या बाकावर बसायचं, कुणाला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं की माणसं कुठे चढतात, कुठे उतरतात, आणि बस कुठे रिकामी असते. तोवर पेन्सिलीला हात लावायचा नाही.

"तू बसमध्ये बसला होतास का?" मी विचारलं. तो म्हणाला, नाही, पण दुसऱ्या रस्त्याचा तक्ता चांगला चालतो म्हणून तोच इकडे लावला. "दुसऱ्या रस्त्याचा तक्ता या रस्त्यावर कसा चालेल? इथली माणसं वेगळी, त्यांची कामं वेगळी. खुर्चीत बसून माणसं कधी चढतात ते कळतं का तुला?"

आणि तिथेच माझी बोलती बंद झाली. तो बिचारा पुढचं ऐकायला मान खाली घालून उभा, आणि मी तोंड उघडं ठेवून त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतेय. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवरून मी लोकांची सालपटं काढली, तीच गोष्ट मी माझ्या घरात केली नव्हती. मी त्याला जा म्हटलं आणि रजेचा अर्ज लिहिला. अर्जात कारण लिहायचं असतं. मी 'घरगुती पाहणी' असं लिहिलं, साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

घरी मी जाहीर केलं की आठवडाभर अभ्यास बंद. पुठ्ठे काढून कपाटामागे टाकले. भिंगरीला विश्वास बसेना. ती संध्याकाळपर्यंत दोनदा विचारून गेली की खरंच बंद का. नवऱ्याने भुवई वर केली, पण टाचण्या काढल्या नाहीत. मी स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या दारात स्टूल टाकलं, हातात विणकाम घेतलं, आणि बघत बसले. मला विणता येत नाही. पण नुसतं बघत बसलेली आई पोराला लगेच कळते.

दुपारी जे दिसलं त्याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. जेवणाआधीपासून ऊन कलेपर्यंत भिंगरी म्हणजे अगदी रिकामी बस. ती लोळते, कापडाच्या चिंध्यांशी खेळते, पायरीवर बसून मुंग्या बघते, हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देते. त्या वेळात तिच्या डोक्यात काही कोंबायचं म्हणजे वांझोटी मेहनत, आणि आम्ही नेमकी तीच वेळ तिच्यावर लादली होती.

संध्याकाळ वेगळी निघाली. कार्यालयं सुटली की नवऱ्याकडे गिऱ्हाइकं येतात, मापं द्यायला, तयार कपडे न्यायला. भिंगरी कापायच्या टेबलाभोवती घिरट्या घालते हे मला माहीत होतं. मी तिला तिथून अभ्यासाला म्हणून ओढून नेत होते. आता नुसतं पाहिलं. बाप टेप लावून आकडा म्हणायचा आणि ती त्याच्या आधी बेरीज सांगायची. एका कोटाची बाही पाऊण इंच कमी करायची होती. दोन्ही बाह्यांचं मिळून दीड इंच कापड निघेल, ते खिशाला पुरेल का, असं तिने एका पायावर उभं राहून विचारलं. गिऱ्हाईक हसलं. बाप हसला नाही. त्याने खडू तिच्या हातात दिला आणि खूण कर म्हणाला.

आणि पहाट. मी वर्षानुवर्षं अंधारात उठून कामावर गेलेली, त्यामुळे रजेतही डोळे वेळेवर उघडलेच. पण त्या दिवशी मी पडून राहिले. थोड्या वेळाने भिंगरी उठली. रोजच उठते ती माझ्याबरोबर, आणि रोज मी तिला दटावून परत झोपायला पाठवते, कारण मला तयार व्हायचं असतं आणि तिचे प्रश्न सुरू होतात. ती स्वयंपाकघरात गेली, दिवा लावल्याचा आवाज आला. मी अनवाणी उठून दाराआड उभी राहिले. तिने चहाचा डबा पुढ्यात ओढला होता आणि त्यावरचं छापील ती बोट ठेवून वाचत होती. हळूहळू, जोडाक्षराला अडत, मागे जात, पुन्हा पुढे येत. मग साबणाचं वेष्टण घेतलं. मग कुकरच्या खोक्यावरच्या सूचना, त्या सगळ्या. मध्येच स्वतःशी म्हणाली, "हां, शिट्टी," आणि पुढे गेली.

माझी पोरगी वाचत होती. कुणी ऐकत नाही, कुणी मागत नाही, सगळं घर गाढ झोपलेलं, तेव्हा ती वाचत होती. कोण जाणे किती महिने. मला तिथेच दाराला धरून रडू फुटलं, आणि तोंडावर पदर धरून मी तसंच उभं राहून संपूर्ण कुकर ऐकला.

आता तक्ता करायला पेन्सिल हवीच होती असंही नाही. पहाटे वाचन, माझ्याबरोबर. दुपार पूर्ण मोकळी. संध्याकाळी बापाच्या टेबलाशी गणित. लिहायचं तेही तिथेच, कापडावर टाचायच्या चिठ्ठ्या. अडचण एकच होती: पहाटे मी घरात नसायची. डेपोची सकाळपाळी माझी, कित्येक वर्षांची. पहिली बस माझ्या सहीने सुटायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता. दुपारपाळी म्हणजे बंद पडलेल्या गाड्या, चिडलेले ड्रायव्हर, रात्री घरी येऊन गार जेवण. ती कुणी मागून घेत नाही.

मी मागून घेतली. खिडकीजवळचं टेबल त्या चापूनचोपून केसवाल्या पोराला मिळालं. तोवर तो आठवडाभर बसमध्ये बसून आला होता, आणि त्याने नवा तक्ता दाखवला तेव्हा मला एकही चूक काढता आली नाही, याचा मला थोडा त्रास झाला.

पहाटेचा आमचा बेत असा होता की बेतच दिसू द्यायचा नाही. मी चहा ठेवायची, टेबलाशी बसायची आणि माझं माझं काहीतरी पुटपुटत वाचायची. भिंगरी यायची, टेबलाला एक फेरी मारायची, समोर बसायची किंवा उभी राहायची. टेबलावर एखादं गोष्टीचं पुस्तक उगाच पडलेलं असायचं. तिला वाच म्हणायचं नाही, शाबास म्हणायचं नाही, चूक सुधारायची नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. 'प्रारंभ'चा तिने 'परारंभ' केला की माझी जीभ शिवशिवायची आणि मी गरम चहाचा घोट घेऊन ती भाजून घ्यायची. पण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला तिचं तीच नीट करायची. पुढे पुढे तिचं पुटपुटणं मोठं झालं. मग एका पहाटे तिने माझं वाचणं थांबवलं आणि म्हणाली, आई, हे ऐक. आणि मला अर्धं पान वाचून दाखवलं. मी चहा उतू जाऊ दिला.

नणंदबाईंना हे काहीच पटलं नाही. त्या रविवारी दुपारच्या यायच्या, आणि दुपारी भिंगरी पायरीवर मुंग्या बघत असायची. मग भांडण. ऐन अभ्यासाच्या वेळेला पोर उनाडतेय, ही कसली शाळा, असं त्या भावाला ऐकवायच्या. मी सांगायची की ताई, ही तिची अभ्यासाची वेळच नाही, पहाटे येऊन बघा. त्यावर त्या नाक मुरडायच्या. पहाटे माणसाने झोपायचं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

वर्ष संपत आलं आणि कार्यालयातून तपासणीची वेळ कळली. दुपारी बारा. मी फोन केला, वेळ बदलून मागितली. पलीकडच्या माणसाने सांगितलं की मॅडमच्या दौऱ्यात बदल होत नाही. मी दोनदा कार्यालयात गेले, दोन्हीदा दारातून परत आले. आदल्या दिवशी माझ्या हातून भात करपला, भाजी खारट झाली, आणि भिंगरीने जेवताना टेबलाला एकही फेरी मारली नाही.

अधिकारीबाई बारा वाजता आल्या. सुती साडी, जाड काचांचा चष्मा, हातात फाईल. बाई वाईट नव्हत्या, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं, नाव विचारलं, गोड बोलल्या. नणंदबाईही रजा टाकून आल्या होत्या. भाची कितीही उनाड असली तरी तपासणीला एकटी कशी सोडायची, असं त्यांचं म्हणणं. मग अधिकारीबाईंनी फाईलमधून एक छापील पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, वाच बरं मोठ्याने.

भिंगरीने पानाकडे पाहिलं. मग पंख्याकडे. पहिला शब्द चुकीचा वाचला, थांबली, आणि तिचे ओठ मिटले. मला ते ओठ पाठ आहेत. अधिकारीबाईंनी थांबून पाहिलं, दुसऱ्यांदा सांगितलं, बोटाने ओळ दाखवली. काही नाही. भिंगरीचे कान लाल झाले होते. शेवटी बाईंनी सुस्कारा टाकला आणि फाईल उघडून पेनचं टोपण काढलं.

माझा तोल गेला. "दुपारी बारा वाजता बसमध्ये माणूस नाही म्हणून रस्ताच बंद करणार का तुम्ही?" मी म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही हे उघड होतं, आणि माझा आवाज असा लागला होता की कळायची शक्यताही नव्हती. नवरा मशीनवरून उठला. त्याने ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. खोलीत सगळे ते बघत थांबले.

"मॅडम, तुम्ही आत्ता पाहिलंत ते खरं आहे," तो म्हणाला. "पण माझी मुलगी वाचते. रोज पहाटे वाचते. मी अंथरुणातून ऐकतो."

अधिकारीबाई म्हणाल्या की त्यांचा नाइलाज आहे, तपासणी एकदाच होते, नियम आहे. आणि तेव्हा कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. नणंदबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, वर्गात बसतात तशा.

"नियम मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तपासणी मुलाच्या अभ्यासाच्या वेळेत करावी, असं त्यात स्पष्ट आहे. आणि ही या मुलीची अभ्यासाची वेळ नाही. निम्मं वर्ष मी दर रविवारी या घरात येऊन त्याच कारणावरून भांडतेय. एकाही दुपारी तिच्या हातात पुस्तक दिसलेलं नाही मला. लेखी देऊ का?"

कलमाचा आकडाही त्यांनी सांगितला. अधिकारीबाईंनी फाईलच्या मागे जोडलेले कागद उलटले, ओळीवरून बोट फिरवलं, आणि तीच ओळ पुन्हा एकदा वाचली. मी नणंदबाईंकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या तोंडाने माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, त्या तोंडाचा मुका घ्यावा असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"पहाटे म्हणजे किती वाजता?" अधिकारीबाईंनी शेवटी विचारलं. मी वेळ सांगितली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि टोपण पेनला परत लावलं.

दोन दिवसांनी बाहेर अजून अंधार असताना त्या आल्या. डोक्याला शाल, चेहऱ्यावर झोप, आणि नियमाने पकडून आणल्याचा राग. आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या नणंदबाई दारात जांभई दाबत उभ्या. मी अधिकारीबाईंना स्वयंपाकघरात बसवलं आणि हात जोडून विनंती केली की तिला वाच म्हणू नका, पान फक्त टेबलावर ठेवा आणि चहा घ्या. त्यांनी ठेवलं. वेगळं पान होतं, नवं. चहा मात्र त्यांनी फार मनापासून घेतला.

भिंगरी आली. पाहुण्या बाईंना बघून दारात थबकली. मी मान खाली घालून माझं वाचायला लागले, एकही अक्षर दिसत नव्हतं तरी. ती टेबलाला एक फेरी मारून आली. मग दुसरी. मग एका पायावर उभी राहिली आणि पान स्वतःकडे ओढलं.

नदीवरच्या एका नावाड्याची गोष्ट होती. पहिली ओळ ती पुटपुटली. दुसऱ्या ओळीला आवाज आला. एका जोडाक्षराला अडली, मागे गेली, पुन्हा आली, आणि ते सरळ केलं. अधिकारीबाईंनी कप खाली ठेवला, आवाज होऊ न देता. पाणी चढतं, नावाडी दोर सोडतो, पलीकडून कुणीतरी हाक मारतं, आणि माझी भिंगरी त्या अंधाऱ्या पहाटे खणखणीत आवाजात ते सगळं सांगत होती, तीन मोठ्या माणसांसमोर. नवरा दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याच्या ओठांत काही नव्हतं.

निम्म्या पानाला अधिकारीबाईंनी हात पुढे केला. "पुरे, बाळ. झालं," त्या म्हणाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

भिंगरीने पानावर तळहात दाबून धरला. "अजून खाली आहे," ती म्हणाली, आणि वाचत राहिली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"तो पलीकडे पोचला का?" तिने विचारलं. "पुढचं पान कुठंय?"

अधिकारीबाईंनी फाईल चाळली, जणू तिथे असेलच. मग त्यांनी ती मिटली. "आणलंच नाही गं मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं लागेल म्हणून."

त्यांनी तिथेच, चहाच्या कपाशेजारी, मंजुरी लिहिली आणि सही केली. मला रडू आवरत नव्हतं आणि मी ते आवरलंही नाही. नणंदबाई मला थोपटत होत्या आणि स्वतःही नाक पुसत होत्या. भिंगरीला यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. ती अजून त्या पानावर हात ठेवून उभी होती, आणि जराशी रागावलेली दिसत होती.

"पुढच्या वर्षी येताना," ती अधिकारीबाईंना म्हणाली, "आख्खं पुस्तक आणा."